काळाकडे लक्ष दे

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी आपाकडे सिंगापूरला गेले होते. दुलाभाई तिथे जहाज दुरुस्तीच्या कामावर आहेत. आमच्या कोकणातल्या मुसलमानांच्या घरात कोणी ना कोणी जहाजावर किंवा आखातात असतोच, त्यामुळे परदेशाचे आम्हाला अप्रूप नाही. पण बायकांच्या वाट्याला परदेश येतो तो अत्तराच्या बाटल्यांतून आणि फोनवरच्या आवाजातून. विमानात बसून जाण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी उर्दू हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. सहामाही-वार्षिकच्या पेपरांचे गठ्ठे, शिक्षक सभा, निवडणुकीची ड्युटी यांतून महिनाभर सुटका झाली, एवढ्यानेच मी खूश होते.

आपा दहाव्या मजल्यावर राहते. शेजारी एक चिनी आंटी. वय सत्तरीच्या पुढे, एकट्याच राहतात. आपाशी त्यांचा चांगला घरोबा. सणावाराला आपा त्यांना शिरखुर्मा देते. त्या आमच्या घरी फक्त फळे आणतात. हलालचा प्रश्न येतो म्हणून शिजवलेले काही आणत नाहीत. हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, त्यांनी आपल्या आपण समजून घेतले. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "मुलींना शिकवतेस?" मी म्हटले, मुले-मुली दोघांनाही. त्या म्हणाल्या, "मग तू माझ्याबरोबर नाटक बघायला चल. ती मुलीच्या शाळेची गोष्ट आहे."

खरे तर त्यांची एक मैत्रीण आजारी पडली होती आणि तिकीट वाया जाणार होते. आपाने मला ढकललेच. नाटकाची भाषा चिनी, पण रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना पट्टीवर इंग्रजी अर्थ उमटत होता. जुन्या प्रेमकथेवरचे ते नव्या पद्धतीचे संगीत नाटक होते: खाली वाद्यवृंद, वर गाणी, नाच आणि दिव्यांची मोठी करामत. संगीत नाटक म्हटले की मला आजोबांचा रेडिओ आठवतो. पहाटेची नमाज झाली की ते नाट्यगीते लावून बसत. त्यामुळे गद्य चालू असताना पात्र एकदम गाऊ लागले तर मला त्यात काही विचित्र वाटत नाही.

लियांग शानबो आणि झू यिंगताई यांची ही कथा चीनमध्ये घरोघर माहीत आहे. तिथल्या चार मोठ्या लोककथांत ती मोजतात. काळ चौथ्या शतकाचा, म्हणजे पूर्वेकडच्या जिन राजवटीचा. पूर्व चीनमध्ये आज ज्याला झेजियांग प्रांत म्हणतात तिथे शांगयू गावात झू नावाचे एक श्रीमंत घराणे. त्यांच्या मुलीला, यिंगताईला, शिकायचे आहे. पण हांगझोऊच्या गुरुकुलात फक्त मुलगे घेतात. ती बापाशी भांडते, रुसते, जेवण टाकते. शेवटी वेश पालटून त्याच्यासमोर येते. कुठल्या प्रयोगात ज्योतिषी होऊन, कुठल्या प्रयोगात वैद्य होऊन. बाप स्वतःच्या मुलीला ओळखत नाही. मग ती म्हणते, तुम्हीच ओळखले नाही तर तिथे कोण ओळखणार? बाप हरतो. मुलगी पुरुषाचा पोशाख करून शिकायला निघते.

वाटेत एका पुलाजवळच्या विसाव्याच्या जागी तिला लियांग शानबो भेटतो. तोही त्याच गुरुकुलात चाललेला, गरीब घरचा आणि सरळ मनाचा. दोघे भाऊ-भाऊ म्हणून शपथ घेतात आणि तीन वर्षे एकत्र शिकतात. त्याला तिचे गुपित कळत नाही. मग घरून बापाचे पत्र येते: परत ये. ती निघते. तो तिला पोचवायला अठरा ली चालत जातो. ली हे त्यांचे अंतर मोजायचे माप. अठरा ली म्हणजे आपले आठ-नऊ किलोमीटर.

हा पोचवण्याचा प्रवेश या कथेचा जीव आहे. मुलगी उघड बोलू शकत नाही, म्हणून ती वाटेत दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून सुचवत जाते. पाण्यात बदकांची जोडी दिसते. ती म्हणते, आपण त्यांच्यासारखेच नाही का? तो म्हणतो, आपण दोघेही पुरुष, आपली कसली जोडी? विहिरीत दोन चेहरे दिसतात. ती म्हणते, बघ, एक पुरुष आणि एक बाई. तो रागावतो, मला बाई का म्हणतोस? देऊळ लागते, तिथे ती म्हणते, चल, दोघे मिळून वाकू, नवरा-नवरी वाकतात तसे. तो हसतो. शेवटी ती सांगते, मला अगदी माझ्यासारखीच दिसणारी धाकटी बहीण आहे, तिला मागणी घालायला ये, पण उशीर करू नकोस. तो बरे म्हणतो आणि परत वळतो.

प्रेक्षागृहात सगळे हसत होते. प्रवेश हसण्याचाच आहे. ती त्याला बावळट हंस म्हणते तेव्हा तर टाळ्या पडल्या. मीही हसले. मग सहज शेजारी पाहिले, तर आंटी रडत होत्या.

मला वाटले, पुढची गोष्ट माहीत असल्यामुळे रडत असतील. मध्यंतरात त्यांनी सांगितले ते वेगळेच होते. १९६३ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सने या कथेवर गाण्यांचा चित्रपट काढला होता. तो चिनी लोक राहतात त्या सगळ्या देशांत तुफान चालला. आंटी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. आईने त्यांना तो सहा वेळा दाखवला. आईला अक्षर वाचता येत नव्हते, पण सगळी गाणी पाठ. आणि त्याच वर्षी आंटींची शाळा सुटली. दोन धाकटे भाऊ होते, आई कामाला जाई, भावांना सांभाळायला कोणी नव्हते. "माझ्या टीचरला मी शेवटच्या आठवड्यात रोज काहीतरी नेऊन देत होते," त्या म्हणाल्या. "एकदा फूल, एकदा संत्रे. तिला वाटले, मी चांगली मुलगी आहे. तिने विचारावे, काय झाले म्हणून, एवढीच माझी इच्छा होती. तिने थँक यू म्हटले."

घंटा झाली. आम्ही आत जाऊन बसलो, पण नाटकाच्या दुसऱ्या भागात माझे लक्ष लागेना. मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली होती. तिचे नाव मी इथे लिहीत नाही.

ती नववीत होती. आमची शाळा तालुक्याच्या गावी, ती खाडीपलीकडच्या वाडीतून एस.टी.ने यायची. माझी आणि तिची गाडी एकाच स्टँडवरून सुटायची, म्हणून शाळा सुटली की आम्ही बरोबर चालत जायचो. अंतर जेमतेम एक किलोमीटर. वर्गात गप्प बसणारी मुलगी त्या रस्त्यावर खूप बोलायची. त्या वर्षी पावसाळा संपताना तिचे बोलणे थोडे बदलले होते. एकदा तिने विचारले, "टीचर, दहावीची परीक्षा घरी बसून देता येते का?" मी म्हटले, सतरा नंबरचा फॉर्म भरून देता येते, पण तो शाळा सोडलेल्यांसाठी असतो, तुला काय करायचंय? एकदा विचारले, "टीचर, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं?" मी हसून म्हटले, बी.एड. झाल्यावर, आणि तू आधी भूमिती सुधार. एकदा तिने लायब्ररीचे पुस्तक मुदतीच्या दहा दिवस आधीच माझ्या हातात दिले. तिच्याकडून पुस्तक परत मिळवणे म्हणजे मोठे काम असायचे. मी म्हटले, शाबास, शहाणी झालीस.

आणि मग तो निबंध. सहामाहीच्या आधी मी मराठीचा नेहमीचा विषय दिला होता, 'माझी शाळा'. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी क्रियापदांची फार अडचण होते. लिंग चुकते, काळ चुकतो. तिचे मराठी चांगले होते. पण त्या निबंधात तिने सगळीच वाक्ये भूतकाळात लिहिली होती. माझी शाळा मोठी होती. शाळेच्या मागे आंब्याचे झाड होते. आमच्या टीचर आम्हाला मराठी शिकवत होत्या. मला माझी शाळा फार आवडत होती. दीड पान असेच. मी लाल पेन घेतले आणि प्रत्येक 'होती' खोडून त्यावर 'आहे' लिहिले. दहापैकी सहा गुण दिले. खाली शेरा मारला, 'काळाकडे लक्ष दे.'

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. पंधरा दिवसांनी तिचे वडील दाखला न्यायला आले. मी व्हरांड्यात उभी होते. त्यांनी सलाम केला, मी उत्तर दिले. वाईट माणूस नव्हता. बायको आजारी, थोरला मुलगा कतारला, संध्याकाळची एस.टी. बंद झालेली, शेवटची गाडी अंधारात पोचायची. त्यांच्यापाशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. झू यिंगताईच्या बापाचेही मुलीवर प्रेम होतेच. मी एवढेच म्हटले, "हुशार होती." मीही 'होती'च म्हटले. मग तास होता म्हणून वर्गावर गेले.

पुढे तिचा निकाह झाल्याचे कळले. अठरा पूर्ण झाल्यावर झाला, कायद्याला धरून. आमंत्रण होते, पण परीक्षेचे दिवस असल्यामुळे मी गेले नाही.

नाटकात इकडे लियांग उशिरा पोचला होता. गुरुपत्नीने त्याला खरे सांगितले, तेव्हा त्याला वाटेतले एक-एक वाक्य आठवत जाते आणि तो परत त्याच अठरा लीच्या वाटेने धावत सुटतो. तेच देऊळ, तीच विहीर, तीच बदके. आता सगळे कळते आहे, पण तोवर तिची सोयरीक मा घराण्यातल्या मुलाशी ठरून गेलेली. तो घरी जातो, आजारी पडतो, मरतो. तिच्या लग्नाची वरात त्याच्या कबरीवरून जाते, वादळ उठते, कबर उघडते, ती आत उडी घेते आणि दोन फुलपाखरे बाहेर येतात. त्या वेळी व्हायोलिनवर वाजलेली धून जगभर माहीत आहे. शांघायच्या संगीत विद्यालयातल्या हे झानहाओ आणि चेन गांग या दोन विद्यार्थ्यांनी १९५९ साली या कथेवर जी मोठी व्हायोलिन रचना केली, तिच्यातली ती. सगळे प्रेक्षागृह डोळे पुसत होते. माझे डोळे मात्र फुलपाखरांपाशी कोरडेच राहिले. मी त्याच्या परत धावण्यापाशीच अडकले होते. लियांग दुष्ट नव्हता. तो चांगला होता, कष्टाळू होता, पुस्तकातले सगळे त्याला येत होते. फक्त शेजारी चालणाऱ्या माणसाचे बोलणे त्याने ऐकले नाही. आम्हा शिक्षकांची गोष्ट यापेक्षा वेगळी काय आहे?

घरी आल्यावर आपा आणि मी रात्री उशिरापर्यंत फोनवर जुने चित्रपट बघत बसलो. १९५३ सालचा एक चिनी चित्रपट आहे, झेजियांगच्याच शेंगझोऊ भागात जन्मलेल्या युए नावाच्या गायननाट्यातला. नव्या चीनमधला तो पहिला रंगीत नाट्यचित्रपट. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी तो पाहुण्यांना दाखवला आणि हे चीनचे रोमिओ-ज्युलिएट आहे असे समजावून सांगितले. त्यात यिंगताई झाली आहे युआन श्वेफेन, आणि लियांग झाली आहे फान रुईज्वान, तीही बाई. युएमध्ये पूर्वी पुरुषच काम करीत. १९२३ नंतर बायकांच्या मंडळ्या निघाल्या आणि हळूहळू सगळा रंगमंचच त्यांनी घेतला. १९६३ च्या चित्रपटातही लियांगचे काम आयव्ही लिंग पो या अभिनेत्रीने केले आहे. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहत आणि कुलीन बायका त्यांच्याकडे बघून पदर घ्यायला शिकत, असे जुने लोक सांगतात. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या स्त्रिया स्वतः संगीत नाटकात उभ्या राहिल्या, तेव्हा ते केवढे धाडस होते. चीनमध्ये नेमके उलटे झाले. तिथे बाईने पुरुषाचा झगा घातला आणि त्या झग्यात उभी राहून शिकायला निघालेल्या मुलीची गोष्ट सांगितली. समोर बसलेल्या आंटींच्या आईसारख्या निरक्षर बायकांना ती सहा-सहा वेळा का बघावीशी वाटत होती, हे मला त्या रात्री समजले. त्यांना प्रेम हवे असेलच. पण पहिल्या प्रवेशात ती मुलगी पुस्तके बांधून घराबाहेर पडते, तेही त्यांना पुन्हा पुन्हा बघायचे असणार.

आपली लैला-मजनूची कथा आठवा. निजामी गंजवींनी बाराव्या शतकात ती फारसीत लिहिली, तेव्हा लैला आणि कैस यांची पहिली भेट त्यांनी मक्तबमध्येच घडवली आहे. दोघे एकाच मक्तबचे विद्यार्थी. बोभाटा झाला तेव्हा लैलाचे मक्तब बंद झाले, ती घरात कोंडली गेली. आम्ही शतकानुशतके मजनूचे रानात भटकणे गात आलो. त्याचा विरह, त्याचे फाटके कपडे यांवर किती लिहिले गेले! पण लैलाचा अभ्यास अर्धा राहिला त्याचे काय, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. इल्मसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, असे आम्ही लहानपणापासून जलशांत ऐकतो. जाणकार त्याला कच्ची रिवायत म्हणतात, ते असो. खाडी ओलांडून तालुक्याला येणाऱ्या मुलीची एस.टी. बंद होते, तेव्हा हे चीन किती लांब आहे ते कळते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच रविवारी मी तरीने खाडीपलीकडे गेले. ती बाळंतपणाला माहेरी आलेली होती, हे शिपाईमामांकडून कळले होते. मनातून घाबरले होते. चार वर्षांनी कुठल्या तोंडाने जायचे? तिच्या आईने पाट पुढे केला, चहा ठेवला. ती बाळाला घेऊन बाहेर आली. अंगाने भरली होती, पण हसणे तेच. इकडचे-तिकडचे बोलणे झाले. मग मी सरळच म्हटले, "बेटा, तू मला सांगत होतीस. मला कळलं नाही. माझी चूक झाली." तिला आधी समजेना मी कशाबद्दल बोलते आहे. मी निबंधाचे नाव काढले, तेव्हा ती आत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून वही घेऊन आली. वही तिने जपून ठेवली होती. मला तर पान बघवेना. माझ्या लाल रेघांनी नुसते भरलेले.

ती म्हणाली, "टीचर, मला तेव्हा घरी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंतच जायचं. म्हणून मी 'होती' लिहिलं. तुम्ही सगळीकडे 'आहे' केलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही म्हणताय की शाळा तुझीच आहे. मला खूप बरं वाटलं होतं."

मी काय बोलणार? चहा निवला होता, तो प्यायले. तिची चूक मी दुरुस्त केली नव्हती, माझी चूक तिने दुरुस्त करून घेतली होती. आणि तरीही मला हे कबूल केले पाहिजे की तिच्या या चांगुलपणाने माझी सुटका होत नाही. तिला बरे वाटले, पण शाळा सुटलीच. त्या दिवशी व्हरांड्यात मी तिच्या वडिलांना चार वाक्ये जास्त बोलले असते, शेजारच्या वाडीतल्या तीन मुलींबरोबर रिक्षा लावून देण्याचे सुचवले असते, तर कदाचित काही झालेही नसते. पण मी बोलले असते.

उठताना मी सतरा नंबरच्या फॉर्मचा विषय काढला. तिचा नवरा रत्नागिरीला गॅरेजमध्ये आहे, तो त्या दिवशी तिथेच होता. तो म्हणाला, "बघू." नकार नव्हता, म्हणून मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. फॉर्म भरला गेला. पुढच्या मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. बाहेर झाडाखाली तिची आई बाळाला घेऊन बसायची. उर्दूत आणि मराठीत चांगले गुण मिळाले, गणित राहिले. गणिताला ती पुन्हा बसणार आहे. भूमिती तेव्हाही कच्चीच होती.

सिंगापूरच्या आंटींना आपाने हे सगळे सांगितले. त्यांनी निरोप पाठवला, "तिला माझ्याकडून संत्रे दे." मी बाजारातून घेऊन दिले.

आता निबंध तपासायला बसले की मी आधी पेन खाली ठेवते. एकदा नुसता निबंध वाचते. काय लिहिले आहे, का लिहिले आहे, कोणी लिहिले आहे. लाल पेन नंतर. वेळ जास्त लागतो आणि गठ्ठे वेळेवर होत नाहीत म्हणून बोलणी बसतात. गेल्या सहामाहीत आठवीतल्या एका मुलीने 'माझी आई' या निबंधात सगळी वाक्ये भविष्यकाळात लिहिली होती. माझी आई परत येईल. माझी आई मला डबा देईल. मी कुठलेच क्रियापद खोडले नाही. मधल्या सुट्टीत तिला बोलावले आणि शेजारी बसवून घेतले.